घोडा, घड्याळ आणि खतावणी

उधारी वसूल होण्याची आशा मावळली की शहाणा व्यापारी समोरच्याकडे जे काही असेल ते पदरात पाडून घेतो. कधी मालाची गासडी येते, कधी दुकानातील कपाट, कधी एखादे जुने यंत्र. अशा वसुलीतून हाती आलेली वस्तू बहुधा वखारीच्या कोपऱ्यात धूळ खात पडते. परंतु अमेरिकेतील शिकागो शहरात १९५० च्या सुमारास अशाच एका व्यवहारातून आलेल्या वस्तूने एका कारखान्याचे भवितव्य पालटले आणि पुढे असंख्य घरांतील कपाटे भरून टाकली. ती वस्तू होती एका घोड्याचा साचा.

शिकागोतील ब्रेयर मोल्डिंग कंपनी ही मागणीनुसार प्लॅस्टिकचे निरनिराळे सुटे भाग ओतून देणारी कंपनी होती. तिचा स्वतःचा असा विशेष माल नव्हता. गिऱ्हाईक सांगेल ते करून द्यावे आणि मजुरी घ्यावी, असा व्यवहार. मास्टरक्राफ्टर्स या घड्याळाच्या कंपनीने तिच्याकडून शोभेच्या टेबलघड्याळावर बसविण्यासाठी एक घोडा करून घेतला. सोनेरी अंगाचा, पांढऱ्या आयाळीचा, पाठीवर खोगीर चढविलेला हा घोडा घड्याळाला लगटून उभा असे. कामाचे पैसे चुकते करण्याऐवजी घड्याळाच्या कंपनीने साचाच ब्रेयरकडे राहू दिला, अशी हकीकत या व्यवसायात सांगितली जाते. पुढे लोकांकडून मागणी येऊ लागली ती घड्याळाची नव्हे, घोड्याची. वूलवर्थसारख्या मोठ्या दुकानांच्या साखळीने तो खेळणे म्हणून विक्रीस ठेवला. ‘वेस्टर्न हॉर्स’ या नावाने निघालेला हा घोडा ब्रेयरचा पहिला घोडा मानला जातो. दुसऱ्यांसाठी मजुरीवर माल ओतणारी कंपनी काही वर्षांतच घोड्यांची कंपनी म्हणून ओळखली जाऊ लागली.

घोड्यांच्या प्रतिकृती जमविण्याचा छंद आज अमेरिकेत, कॅनडात, ब्रिटनमध्ये आणि युरोपातील इतर देशांत चांगलाच रुजलेला आहे. त्याचे मूळ ब्रेयरपुरतेच नाही. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट हे चिनी मातीच्या भांड्यांचे जुने केंद्र. तेथील बेसविक कारखान्याने तयार केलेले चकचकीत घोडे कित्येक इंग्रज घरांच्या दिवाणखान्यात दिसत. कॅलिफोर्नियातील हेगन-रेनेकर या कारखान्याने मॉरीन लव्ह या शिल्पकर्तीच्या हातचे अत्यंत नाजूक घोडे मातीत घडविले. त्यांचे कान आणि पाय इतके बारीक असत की घरातील मुलांना त्यांना हात लावण्याची मुभा नसे. ब्रेयरने हेच आकर्षण न फुटणाऱ्या वस्तूत आणले. सेल्युलोज ॲसिटेट हे तिचे प्लॅस्टिक वनस्पतींमधील सेल्युलोजपासून बनते. ते टणक असते आणि रंग चांगला धरते. मूल खेळूही शकेल आणि मोठा माणूस कपाटात मांडूही शकेल, अशी वस्तू त्यातून निर्माण झाली.

या धंद्याचे हिशेबशास्त्र व्यापारी कुटुंबांनी मुद्दाम समजून घेण्याजोगे आहे. घोडा घडविताना सर्वांत मोठा खर्च होतो तो साच्यावर. शिल्पकार आधी मूळ मूर्ती घडवितो. ब्रेयरच्या सुरुवातीच्या दशकांतील बहुतेक घोडे ख्रिस हेस या एकाच शिल्पकाराच्या हातचे होते. मूर्तीवरून धातूचा भक्कम साचा तयार होतो. त्यात घोड्याचे दोन अर्धे भाग ओतले जातात, ते जोडले जातात, सांध्यावरची रेघ घासून काढली जाते आणि मग फवाऱ्याने व कुंचल्याने रंग दिला जातो. साच्याचा खर्च एकदाच करावयाचा, परंतु तो वसूल होण्यासाठी हजारो घोडे विकले गेले पाहिजेत. एकाच रंगाचे हजारो घोडे खपत नाहीत. तेव्हा साचा तोच ठेवून रंग बदलावयाचा. या वर्षी तांबूस कुमैत, पुढे कधी करडा ठिपक्यांचा, नंतर अबलख. स्थिर खर्च अनेक वर्षांवर वाटला जातो आणि दर वेळी बाजारात नवा माल आल्यासारखे होते. कापडाचा व्यापारी एकच पोत दहा रंगांत विणून घेतो, त्याहून हे वेगळे नाही.

मात्र याच युक्तीतून संग्राहकाचा जन्म झाला. ज्याला केवळ घोडा हवा होता त्याचे एका घोड्याने समाधान झाले. ज्याला त्या साच्याची गोडी लागली त्याला त्याचे सारे रंग हवेसे झाले. मग कोणता रंग कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत निघाला, खुरांना करडा रंग कधी होता आणि काळा कधी, पोटाखालील शिक्का कोणत्या काळातला, या प्रश्नांना महत्त्व आले. नॅन्सी ॲटकिन्सन यंग आणि फेलिशिया ब्राऊएल यांनी या माहितीचे जाडजूड ग्रंथ सिद्ध केले. एखाद्या बँकेतील जुन्या खात्यांची छाननी करावी तशा बारकाईने त्यांत प्रत्येक साचा, त्याचा क्रमांक, रंग आणि उत्पादनाची वर्षे नोंदविलेली आहेत.

पडून राहिलेल्या मालाची एक कथा या छंदात फार मोलाची मानली जाते. १९६० च्या दशकात ब्रेयरने आपल्या काही घोड्यांना निसर्गात कधीही न आढळणारे रंग दिले. कोणी संपूर्ण निळा, कोणी निळ्यावर पांढरे ठिपके असलेला, कोणी सोनेरी, तर कोणी सोनेरीवर पांढऱ्या ठिपक्यांचा. घरातील पडदे, गालिचे यांच्याशी मेळ साधणारी शोभेची वस्तू म्हणून ते विकले जातील, अशी कंपनीची अपेक्षा होती. गिऱ्हाइकांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली. ज्याला घोडे आवडतात त्याला निळा घोडा पटेना, आणि ज्याला शोभेची वस्तू हवी त्याला घोडाच का घ्यावा हे उमजेना. काही वर्षांतच हा माल बंद झाला. खप कमी म्हणून संख्या कमी, संख्या कमी म्हणून पुढे दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून अत्यंत महाग. आज हे ‘डेकोरेटर’ घोडे या छंदातील सर्वाधिक मागणीच्या वस्तूंपैकी आहेत.

अशीच दुसरी घटना टंचाईतून घडली. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेलाच्या टंचाईचा काळ आला आणि नेहमीचे पांढरे प्लॅस्टिक पुरेसे मिळेना. हाती येईल त्या रंगाचे प्लॅस्टिक वापरून घोडे ओतले गेले आणि खालचा रंग झाकण्यासाठी आधी पांढऱ्या रंगाचा जाड थर देऊन त्यावर नेहमीचे रंगकाम झाले. त्या वेळी ती केवळ अडचणीतून काढलेली वाट होती. आज ‘चॉकी’ म्हणून ओळखले जाणारे हे खडूसारख्या पृष्ठाचे घोडे जाणकार निवडून निवडून घेतात. त्यांच्या पोटात डोकावले की त्या टंचाईच्या वर्षांची साक्ष मिळते.

तथापि केवळ दुर्मीळता आणि किंमत यांवर कोणताही छंद पिढ्यानपिढ्या टिकत नाही. या छंदाचे खरे भांडवल बालपणी गुंतविले जाते. खरा घोडा पाळावयाचा तर जागा हवी, चारा हवा, वैद्याचा खर्च हवा. फार थोड्या घरांना ते परवडते. घोड्याचे वेड असलेल्या मुलीला खऱ्या घोड्याऐवजी त्याची प्रतिकृती मिळे. मार्गरेट हेन्री या लेखिकेने व्हर्जिनिया राज्यातील शिंकोटीग बेटावरील मिस्टी या खऱ्याखुऱ्या घोडीवर १९४७ मध्ये लिहिलेले पुस्तक अमेरिकेतील मुलांच्या पिढ्यांनी वाचले. ब्रेयरने १९७२ मध्ये मिस्टीची प्रतिकृती काढली आणि पुस्तकातील घोडी मुलांच्या हातात आली. या मुलांपैकी कित्येक जणी पुढे नोकरी-संसारात स्थिरावल्यावर पुन्हा घोड्यांकडे वळल्या. आज या छंदातील जाणत्या मंडळींत स्त्रियांची संख्या बरीच मोठी आहे आणि साठी-सत्तरीच्या संग्राहकांची वाणही नाही.

बाहेरच्या माणसाला नवल वाटावे अशी एक गोष्ट म्हणजे या घोड्यांची प्रदर्शने आणि स्पर्धा. आरंभी संग्राहक आपल्या घोड्यांची छायाचित्रे काढून टपालाने परीक्षकाकडे पाठवीत आणि निकालही टपालानेच येई. पुढे प्रत्यक्ष घोडे घेऊन एकत्र जमण्याची प्रथा पडली. लांब टेबलांवर शेकडो घोडे मांडले जातात आणि परीक्षक टेबलाभोवती फिरून गुण देतात. येथे सुंदर दिसणे पुरेसे नसते. अरबी घोडा म्हणून मांडला असेल तर त्याचे मस्तक, मान, शेपटीची ठेवण त्या जातीला साजेशी हवी; पायांची रचना निर्दोष हवी; अंगाचा रंग त्या जातीत खरोखर आढळणारा हवा. जात अप्रसिद्ध असेल तर तिची माहिती लिहिलेले कार्ड शेजारी ठेवतात. आणखी एका विभागात घोड्याला साज चढवून एखादा प्रसंग उभा केला जातो. सुमारे ९ इंच उंचीच्या घोड्यासाठी खऱ्या चामड्याचे खोगीर, बारीक कड्या, लगाम हाताने शिवणारे कारागीर आहेत. खोगिराचा पट्टा चुकीच्या जागी आवळला असेल तर क्रमांक हातचा जातो. प्रमाणाचे गणितही काटेकोर असते. ब्रेयरची मोठी मालिका १:९ या प्रमाणात, मधली १:१२ या प्रमाणात आणि मुठीत मावणारी ‘स्टेबलमेट’ मालिका १:३२ या प्रमाणात असते.

१९९० पासून केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे, केंटकी हॉर्स पार्क या विस्तीर्ण अश्व-उद्यानात ‘ब्रेयरफेस्ट’ नावाचा मेळावा उन्हाळ्यात भरू लागला. त्याच्या सहा वर्षे आधी, १९८४ मध्ये, ब्रेयर हा व्यवसाय न्यू जर्सीच्या रीव्ह्ज इंटरनॅशनल या कंपनीने विकत घेतला होता आणि पुढे उत्पादनही चीनमध्ये गेले. मेळाव्यात खऱ्या घोड्यांचे खेळ होतात, मर्यादित संख्येचे खास घोडे विकले जातात आणि एकमेव असलेल्या नमुन्यांचा लिलाव होतो. त्यात एकेका घोड्याला हजारो डॉलर मोजणारे लोक असतात. परंतु व्यापारी दृष्टीच्या माणसाने पाहावा असा बाजार संध्याकाळी हॉटेलांत भरतो. संग्राहक आपापल्या खोल्यांतील पलंगांवर, टेबलांवर घोडे मांडून दारे उघडी ठेवतात आणि गिऱ्हाईक मजल्यामागून मजले हिंडत राहते. ना दुकान, ना पाटी, ना ठरलेला भाव.

या व्यवहारात पत कशी सांभाळली जाते, हेही पाहण्यासारखे आहे. महागडा घोडा अनेकदा हप्त्यांनी विकला जातो. विक्रेता घोडा आपल्याकडेच राखून ठेवतो, ग्राहक ठरलेल्या तारखांना रक्कम पाठवितो आणि शेवटचा हप्ता पोहोचल्यावर घोडा रवाना होतो. शिल्पकार मर्यादित संख्येत राळेच्या प्रतिकृती काढतात; त्या बहुधा रंगाविना विकल्या जातात आणि रंगविण्यासाठी दुसऱ्या कलावंताकडे पाठविल्या जातात. रंगकर्त्याची कीर्ती मोठी असेल तर महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. आगाऊ रक्कम दिलेली, वस्तू परक्या हातात आणि मध्ये शेकडो मैलांचे अंतर. येथे कायद्याचा धाक फारसा उपयोगी पडत नाही. नाव हेच तारण. जो मुदत पाळत नाही, किंवा दुसऱ्याच्या शिल्पावरून चोरून साचा काढून नकली प्रती विकतो, त्याच्याशी व्यवहार करण्यास पुढे कोणी धजावत नाही. पेढीवरच्या शब्दाला ज्या समाजात मोल होते, त्याला हे तत्त्व नव्याने सांगावयास नको.

येथवरचे वाचून एखाद्याच्या मनात गुंतवणुकीचा विचार येणे स्वाभाविक आहे. त्याबाबत स्पष्ट बोललेले बरे. निळ्या घोड्याला मिळणारी किंमत ही अपवादाची किंमत आहे. कारखान्यातून मोठ्या संख्येने निघालेला नेहमीचा घोडा दुसऱ्या हाती जाताना बहुधा खरेदीपेक्षा कमी रक्कम देतो. डब्यावर ‘मर्यादित आवृत्ती’ असे छापलेले असले, तरी ती मर्यादा हजारोंची असेल आणि प्रत्येकाने डबा जपून ठेवला असेल तर टंचाई येणार कोठून? जे डेकोरेटर घोडे आज मौल्यवान ठरले ते कोणी गुंतवणूक म्हणून साठविले नव्हते. ते नको होते म्हणून थोडे राहिले. शिवाय या मालाला घसारा आहे. कान, खुरे आणि शेपटीचे टोक यांवरचा रंग घासून उडतो. फळीवरचा एक घोडा कलंडला की शेजारचे चार घेऊन पडतो. पांढरे प्लॅस्टिक वर्षांनुवर्षांत पिवळे पडते. संग्राहक अशा घोड्याला उन्हात ठेवून पुन्हा पांढरा करतात, पण ऊन अधिक झाले, किंवा उन्हाळ्यात बंद मोटारीत घोडा राहिला, तर त्याचे पाय वाकतात. मग ते गरम पाण्यात बुडवून हलक्या हाताने सरळ करावे लागतात. पाठवणी करतानाही आधी मऊ कागद गुंडाळावा लागतो. फुगवट्यांचे प्लॅस्टिक थेट रंगावर बसले तर त्याचे वण उमटतात. व्याज देणारी ठेव इतकी सेवा मागत नाही.

म्हणून या छंदातील शहाणी माणसे स्वतःवर काही नियम घालून घेतात. कोणी एकाच जातीचे घोडे जमविते, कोणी एकाच साच्याचे, कोणी मुठीतल्या आकाराचेच. नवा घोडा घ्यावयाचा तर जुना एक विकून त्याच पैशातून घ्यावयाचा, असाही नियम कित्येक जण पाळतात. घरखर्चाचे पैसे आणि छंदाचे पैसे वेगळे राहतात, फळीवरची जागाही वाढत नाही आणि हातचा प्रत्येक घोडा पुन्हा एकदा पारखला जातो.

या सर्वांहून गंभीर प्रश्न संग्राहकाच्या पश्चात उभा राहतो. चाळीस वर्षे जमविलेले तीनशे घोडे एके दिवशी मुलांच्या हाती येतात. त्यांना त्यांतले काही कळत नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंनी नुकसान संभवते. एका घरात सारे घोडे ‘जुनी खेळणी’ म्हणून खोक्यांत भरले जातात आणि किरकोळ रकमेला उचलून दिले जातात. त्या गर्दीत एखादे निळे शिंगरू असेल तर ते कोणाच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या घरात एका घोड्याला लिलावात मिळालेली किंमत ऐकून तीनशेही घोडे तशाच मोलाचे आहेत अशी समजूत होते. मग भाड्याची खोली घेऊन ते वर्षानुवर्षे सांभाळले जातात, भावंडांत वाटणीवरून दुरावा येतो आणि शेवटी कळते की भाडेच मालाहून अधिक झाले. पहिल्या घरात मोल गेले, दुसऱ्या घरात पैसा आणि सलोखा दोन्ही गेले. दोन्हीकडे उणीव एकच होती : लेखी नोंद नव्हती.

जाणते संग्राहक यावर जो उपाय करतात तो एखाद्या जुन्या मुनिमाला सहज ओळखू येईल. प्रत्येक घोड्याची स्वतंत्र नोंद असते. साच्याचे नाव, क्रमांक, रंग, उत्पादनाची वर्षे, खरेदीची तारीख, दिलेली रक्कम, कोणाकडून घेतला, अंगावर कोठे घासल्याची खूण आहे, आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे. जे दहा-पंधरा घोडे खरोखर मोलाचे आहेत त्यांच्यापुढे खूण केलेली असते. ते कोणाला दाखवावेत, कोणत्या ओळखीच्या संग्राहकाचा सल्ला घ्यावा, कोणता घोडा कोणत्या नातीला द्यावा, हेही लिहून ठेवलेले असते. विम्याच्या दाव्यालाही हीच वही उपयोगी पडते. पावती आणि छायाचित्र नसेल तर जळालेल्या घोड्याची किंमत कोणतीही विमा कंपनी केवळ शब्दावर मान्य करीत नाही.

आपल्याकडील घरांत प्लॅस्टिकचे घोडे क्वचितच असतील. परंतु जुनी नाणी, टपाल तिकिटे, पितळी दिवे, घड्याळे, अडकित्ते, फाउंटन पेन असे काही ना काही जमविणारा एक तरी सदस्य बहुतेक कुटुंबांत असतो. दुकानातील मालाची मोजदाद दर दिवाळीला होते. कपाटातील संग्रहाची मात्र आयुष्यात एकदाही होत नाही. आजोबांना विचारावयाचे राहून जाते आणि नंतर विचारण्यासाठी आजोबा नसतात. येत्या सुट्टीत घरातील एखाद्या नातवंडाला वही आणि भ्रमणध्वनी देऊन त्यांच्याजवळ बसवावे. त्यांनी एकेक वस्तू हातात घेऊन ती कोठून, कधी आणि किती रुपयांना आली ते सांगावे. नातवंडाने छायाचित्र काढून क्रमांक द्यावा आणि लिहून घ्यावे. खरी मोलाची वस्तू कोणती आणि केवळ आवडीची कोणती, हे त्याच वेळी विचारून शेजारी नोंदवावे. वही पूर्ण झाली की तिची एक प्रत घरातील मृत्युपत्र, विम्याचे कागद आणि ठेवींच्या पावत्या जेथे असतात तेथेच ठेवावी, आणि ती तेथे आहे हे निदान दोघांना ठाऊक असावे.